एम्स नागपूर की केईएम? दोन्हीकडे नंबर लागलाय, आता काय करू?

उदगीरकडच्या एका मुलीने विचारलंय. वडील एसटीत कंडक्टर, दोन वर्षं लातूरला राहून नीटची तयारी केली, ओबीसीतून आहे. तिचंच थोडक्यात लिहिते: "मॅडम, एमसीसीच्या (केंद्राच्या प्रवेश समितीच्या) पहिल्या राऊंडला एम्स नागपूर लागलं आणि स्टेटच्या पहिल्या कॅप राऊंडला (राज्याच्या प्रवेश फेरीला) मुंबईचं जीएस, म्हणजे केईएम. पप्पा म्हणतात एम्स म्हणजे एम्स. क्लासचे सर म्हणतात केईएम सोडेल तो वेडा. मामा म्हणतो मुंबईत पोरगी एकटी नको. ब्रँच वगैरे काही ठरलेलं नाही. आणि मला पटकन बोलता येत नाही कुणाशी, दोन वर्षांत क्लासमध्ये एक डाउट उभं राहून विचारला नाही."

आधी अभिनंदन, कारण या गडबडीत ते कुणी नीट केलेलं दिसत नाही, सगळे सल्लेच द्यायला बसलेत. मी पण त्यातलीच. मेडिसिनमध्ये एमडी करून चोवीस वर्षं सरकारी कॉलेजांमधे शिकवलंय, एक्स्टर्नल (बाहेरची परीक्षक) म्हणून बऱ्याच ठिकाणी परीक्षा घेतल्यात, त्यामुळे कुठल्या कॉलेजची पोरं पेशंटच्या पोटावर हात कसा ठेवतात हे बघायची सवय लागलीये. आणि खरं सांगू का, माझ्या मते दोन चांगल्या कॉलेजांत निवड करायची तर त्यावरच करावी. तुझा हात पेशंटला किती वेळा लागणार आणि तो लागताना मागे उभं राहून "असं नाही, असं" म्हणणारं कुणी असणार का. बाकी इमारत, नाव, रँकिंग हे सगळं नंतर.

एक उदाहरण देते म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. फायनलच्या प्रॅक्टिकलला मी पोरांना स्प्लीन, म्हणजे प्लीहा, तपासायला लावते. पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं की हात उजव्या बाजूने खालून, राइट इलियक फोसापासून (पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यापासून) सुरू करायचा आणि तिरपं वर डाव्या बरगडीकडे जायचं, कारण प्लीहा मोठी झाली की त्याच तिरप्या रेषेत खाली वाढत येते. तोंडी विचारलं की घडाघडा सांगतात. पण ज्याने वॉर्डात खरंच दहा-बारा मोठ्या स्प्लीन चाचपल्यात तो न बोलता खालून सुरू करतो, पेशंटला म्हणतो मावशी लांब श्वास घ्या, आणि श्वासाबरोबर हात थांबवतो. ज्याने नाही केलं तो सरळ डाव्या बरगडीखाली बोटं खुपसतो आणि मोठी झालेली स्प्लीन त्याच्या हाताखाली असून त्याला ती सापडत नाही. हा फरक कुठल्याच अ‍ॅपवर भरून निघत नाही. हल्ली मॅरो या अ‍ॅपचे व्हिडिओ बघून पोरं दुसऱ्या वर्षापासून पीजीची तयारी करतात, करावी, पण दुपारी वॉर्डात क्लिनिक्स चालू असताना लायब्ररीत बसून व्हिडिओ बघणारी बॅच आता मी सगळीकडेच बघते, चांगल्या कॉलेजांत सुद्धा.

आता तुझी दोन कॉलेजं.

केईएम १९२६ चं आहे, म्हणजे २०२६ ला शंभर. सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या ट्रस्टींनी पैसे देताना अट घातली होती की इथे स्टाफ भारतीयच असला पाहिजे, इंग्रजांच्या राज्यात ही अट म्हणजे मोठीच गोष्ट होती, आणि त्या हॉस्पिटलचा थोडा ताठा अजून तसाच आहे. परळच्या गिरणगावात असल्यामुळे पहिल्यापासून कामगार वस्तीचं हॉस्पिटल. आज ओपीडीत वर्षाला साधारण १८ लाख पेशंट आणि ८५ हजारांच्या आसपास ॲडमिशन्स असं सांगतात. हा आकडा वाचून तुझ्या डोळ्यापुढे काही येणार नाही, म्हणून असं समज की मेडिसिनच्या इमर्जन्सीला खाटा संपतात आणि पेशंट खाली गादीवर येतात, आणि त्या गादीवरच्या पेशंटला मलेरिया आहे, बाजूच्याला लेप्टो, पलीकडच्याला मायट्रल स्टेनोसिस (हृदयाची झडप आकसलेली), आणि हे सगळं एका ड्युटीत. बॅच २५० ची. शिवाय चालत जाण्याच्या अंतरावर वाडिया, टाटा मेमोरियल, हाफकिन, म्हणजे परळच्या त्या एका तुकड्यात जेवढं मेडिकल आहे तेवढं फार थोड्या शहरांत एकत्र असेल.

एम्स नागपूर २०१८ ला सुरू झालं, पहिली ५० पोरांची बॅच नागपूरच्याच जीएमसीत बसायची, नंतर मिहानमधला कॅम्पस उभा राहिला आणि ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आता १२५ ची बॅच. जागा मोकळी, मशिनरी नवी, हॉस्टेल नवं, फॅकल्टी तरुण आणि बरीचशी पेपर छापण्याच्या मागे लागलेली, जे विद्यार्थ्याच्या दृष्टीने वाईट नाही कारण प्रोजेक्टला तुझा हात त्यांना हवाच असतो. अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या स्वतःच्या, एमयूएचएसशी (राज्याच्या आरोग्य विद्यापीठाशी) संबंध नाही. पेशंट विदर्भातून, मध्य प्रदेशातून, छत्तीसगडातून येतात. सिकल सेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) तिथे तुला जेवढा दिसेल तेवढा मुंबईत दिसणार नाही.

वर्षाची फी. एम्सची एमबीबीएसची फी काही हजारांत आटोपते. केईएमची ओपनच्या मुलांना लाखाच्या वर जाते, पण २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसीच्या मुलींना घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुझ्या पप्पांचा पगार बघता तू त्यात बसतेस. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर चालू तारखेचं काढून ठेव. राहायचा, मेसचा, पुस्तकांचा खर्च दोन्हीकडे वेगळा, मुंबईत जास्त. म्हणजे पैशावरून हा निर्णय होणार नाहीये, बरं झालं, एक गोष्ट कमी झाली.

बाँडचं मात्र समजून घे. राज्य सरकारच्या आणि महापालिकेच्या कॉलेजांतून एमबीबीएस झालं की एक वर्ष सक्तीची सेवा द्यावी लागते, एम्सला तसं नाही. लोक याला शिक्षा समजतात. मी ते वर्ष एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलंय, विंचू, साप, बाळंतपणं, एंडोसल्फान पिऊन आलेले लोक आणि मदतीला एक सिस्टर आणि एक ड्रायव्हर. त्या वर्षाबद्दल माझी तक्रार नाही, पण ज्याला लगेच पीजीला बसायचंय त्याला तो वेळ टोचतो हे खरं आहे. तुझ्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत बाँडचं पान शब्द न् शब्द वाच, ऐकीव माहितीवर जाऊ नको, हे नियम बदलत असतात.

आता पप्पांचं "एम्स म्हणजे एम्स". पप्पांच्या डोक्यात आहे ते दिल्लीचं एम्स, १९५६ चं. नाव तेच, कायदा तोच, पण सत्तर वर्षांचं हॉस्पिटल आणि सात-आठ वर्षांचं हॉस्पिटल यांच्यात जे अंतर असतं ते नावाने भरत नाही. वॉर्ड मुरायला वेळ लागतो गं. लोणच्यासारखंच आहे ते. रात्री दोन वाजता तुला शिकवणार कोण, तर तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी जेआर (पीजी करणारी ज्युनियर रेझिडेंट), तिला शिकवलं तिच्या सिनियरने, त्याला त्याच्या. ही साखळी केईएममध्ये शंभर वर्षांची आहे. नव्या ठिकाणी ती आत्ता कुठे तयार होतेय. दहा वर्षांनी हाच प्रश्न कुणी विचारला तर कदाचित माझं उत्तर वेगळं असेल.

पण क्लासच्या सरांचं पण पूर्ण खरं नाही. केईएमसारख्या मोठ्या जुन्या हॉस्पिटलांत हात चालतो म्हणतात, तो चालतोच, पण त्यातली अर्धी कामं हमालीची असतात हे कुणी सांगत नाही. सँपल घेऊन पळणं, ट्रॉली ढकलणं, एक्स-रेच्या लायनीत उभं राहणं, ब्लड बँकेत भांडणं. इंटर्नशिपचे कितीतरी दिवस यात जातात. एम्समध्ये नर्सिंग स्टाफ भरपूर, त्यामुळे ही हमाली कमी, पण मग आयव्ही लावणं, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी), कॅथेटर हे सुद्धा बऱ्यापैकी त्यांच्याकडेच जातं आणि तुला मागून घ्यावं लागतं. म्हणजे एकीकडे नको तेवढं काम अंगावर पडतं आणि त्यात शिकणं होऊन जातं, दुसरीकडे शिकायचं तर पुढे व्हावं लागतं. आता हे तुझ्या शेवटच्या वाक्याला लावून बघ, तू म्हणालीस तुला बोलता येत नाही.

सगळे म्हणतील लाजाळू पोरगी आहे, २५० च्या बॅचमधे हरवून जाईल, तिला छोटी बॅच बरी. मला पण पहिल्यांदा हेच वाटलं होतं आणि तुला नागपूर सांगायच्या बेतात होते. पण जरा विचार केला. एम्सची बॅच म्हणजे केरळ, राजस्थान, दिल्ली, यूपी, हॉस्टेलची भाषा हिंदी नाहीतर इंग्लिश. त्यात महाराष्ट्रातली पोरं मोजकी. केईएमला ८५ टक्के जागा राज्याच्या, आणि लातूर-नांदेडहून आलेली मंडळी प्रत्येक बॅचला असतातच. ७०:३० चा प्रादेशिक कोटा (७० टक्के जागा त्याच भागातल्या मुलांना, ३० टक्के बाहेरच्यांना) २०२० मध्ये गेला तेव्हापासून तर मराठवाड्यातली पोरं मुंबई-पुण्यात जास्तच दिसायला लागलीत, आमच्या वेळी त्या तीस टक्क्यांत शिरायला जीव निघायचा. तुझी रूममेट परभणीची असेल, मेसमध्ये कुणीतरी "काय करलीस गं" म्हणून हाक मारेल, त्याने पहिले सहा महिने निघून जातात. आणि पहिले सहा महिनेच अवघड असतात, ॲनाटॉमीच्या वासासकट.

वर्गात डाउट न विचारणारी पोरं वॉर्डात पण गप्प राहतात असं नसतं. मी स्वतः तशी होते. पेशंटशी बोलावंच लागतं, हिस्टरी घ्यायची म्हणजे "कधीपासून दुखतंय, कुठे दुखतंय, जेवण जातंय का" हे विचारायचंच आहे, आणि समोरची बाई जर तुझ्या आजीसारखी बोलत असेल तर जीभ आपोआप सुटते. केईएमला मराठी पेशंट भरपूर, हिंदी-भोजपुरीवाले पण भरपूर. नागपूरला पण वऱ्हाडी आहेच म्हणा, ती तुला दोन आठवड्यात कळायला लागेल, सासू-सुनेच्या तक्रारी सगळीकडे सारख्याच.

माझं स्वतःचं सांगते, कारण मी पण १९८८ मध्ये दोन पत्रं हातात घेऊन बसले होते. तेव्हा बारावीच्या मार्कांवर प्रवेश व्हायचा. एक पत्र आमच्याच भागातल्या ग्रामीण सरकारी कॉलेजचं आणि दुसरं तीस टक्क्यांतून मुंबईच्या एका कॉलेजचं. नावं मुद्दाम घेत नाही. वडील म्हणाले जवळ राहा, मी राहिले. फायनलला असताना बाळंतपणाच्या वॉर्डात रात्री मी आणि एक आयाबाई, बस. हाताने इतकं केलं की नंतर एमडीला मोठ्या शहरात गेले तेव्हा मुंबईची पोरं घाबरायची तिथे मी नाही घाबरले. पण सीटी स्कॅन मी पहिल्यांदा पाहिला तो एमडीला गेल्यावर. फंडस (डोळ्याचा आतला पडदा) बघता येत नव्हता. इंग्लिशमधून केस प्रेझेंट करताना घाम फुटायचा, पहिल्या वर्षी एका लेक्चररने सगळ्या युनिटसमोर माझे उच्चार काढून दाखवले होते, ते मी अजून विसरलेले नाही. जवळचं कॉलेज घेतलं याचा पस्तावा मला दोन वर्षं झाला, मग गेला, आणि तरी तुझ्या वयाच्या मुलीला जवळ राहा असं मी सांगत नाही.

पीजीचं काय, हा प्रश्न येणारच. नीट पीजीला तुझ्या कॉलेजचं नाव कुणी विचारत नाही, रँक विचारतात. एम्सच्या पीजीसाठी आयएनआय-सीईटी ही प्रवेश परीक्षा वेगळी आहे आणि तिथे स्वतःच्या एमबीबीएस मुलांना थोडंफार प्राधान्य असतं, तेवढा फायदा खरा. रिसर्चची फार आवड असेल, एम्स-पीजीआयच्या वाटेनेच जायचं पक्कं असेल, तर नागपूरकडे झुकावं. पण तुझं ठरलेलं नाही, आणि न ठरलेल्या मुलीला जिथे सगळ्या ब्रँचेस भरभरून बघायला मिळतात ते ठिकाण चांगलं. आणि केईएमला रिसर्च नाही असं अजिबात नाही, तिथल्या स्टाफ सोसायटीचं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन १९५५ पासून निघतंय. दुसऱ्या वर्षात आयसीएमआरच्या एसटीएससाठी (विद्यार्थ्यांच्या छोट्या संशोधन शिष्यवृत्तीसाठी) अर्ज करायचा असेल तर दोन्हीकडून करता येतो. नेक्स्टचं, म्हणजे एमबीबीएसची शेवटची आणि पीजीची मिळून एकच परीक्षा, याचं गुऱ्हाळ २०१९ च्या कायद्यापासून चालूच आहे, त्यावर आज काही ठरवू नको.

मामाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. करला जे झालं त्यानंतर कुठल्याही मुलीच्या घरचे हा प्रश्न विचारणारच, आणि तो मुंबईपुरता नाही, नागपूरला पण तसाच विचारायचा. हॉस्टेलपासून कॅज्युअल्टीपर्यंत रात्री रस्ता कसा आहे, दिवे आहेत का, गार्ड असतो का, ड्युटीवरच्या मुलींना आतून कडी लागेल अशी वेगळी खोली आहे का, टॉयलेट कुठे आहे. हे डीनना नाही विचारायचं, इंटर्न मुलींना विचारायचं. मुंबईचं आणखी एक, तिथल्या मोठ्या हॉस्पिटलांत शिकणाऱ्या पोरांना टीबी होतो, आम्ही सगळे डॉक्टर हे जाणतो आणि बोलत नाही. जेवण टाळू नको, मास्क लाव, दोन आठवडे खोकला राहिला तर दाखव. रॅगिंग आणि जातीवरून टोमणे याबद्दल पण मुलींना स्पष्ट विचार, खाली मान घालून नाही.

शक्य असेल तर रिपोर्टिंगच्या आधी एक दिवस जाऊन ये. लातूरहून रात्रीच्या गाडीने मुंबईला उतरलं की सकाळी आठला तू केईएमच्या गेटवर असशील, ओपीडीची रांग बघ, घाबरायला झालं तर घाबर, मग कँटीनमध्ये बस आणि थर्ड इयरच्या किंवा इंटर्न मुलीला गाठ. टॉपरला नको विचारू, टॉपर कुठेही टॉपरच असतो. मधल्या मुलीला विचार: बेडसाइड क्लिनिक्स सर स्वतः घेतात का जेआरवर ढकलतात, तुझ्या हाताने डिलिव्हरी किती झाल्या, एका कॅडेव्हरभोवती (डिसेक्शनच्या मृतदेहाभोवती) किती जण होता, शेवटचं घरी कधी गेलीस. नागपूरला जाणं जमलं नाही तर हेच प्रश्न तिथल्या मुलीला फोनवर. उत्तरं ऐकून तुला माझ्या उलट वाटलं तर तुझं खरं धर, मी तिथे राहणार नाहीये.

माझा कौल केईएम. साठ-चाळीस म्हण.

(बाजूला एक, कारण बाकीच्यांचे पण मेसेज आलेत: हे सगळं दोन तगड्या सरकारी कॉलेजांचं झालं. ज्यांना २०२४ मध्ये उघडलेल्या दहा सरकारी कॉलेजांपैकी एखादं आणि पुण्याकडचं वीस-पंचवीस वर्षं जुनं खाजगी असं लागलंय त्यांचं गणित वेगळं. तिथे आधी बघायचं की जोडलेलं जिल्हा रुग्णालय चालतंय का, पेशंट असतील तर इमारत नसली तरी भागतं. खाजगीत इमारत असते, खाटा असतात, त्या खाटांवर माणसं आहेत का हे कुठल्याही मंगळवारी अकरा वाजता जाऊन बघा. मुलींची फी माफी डीम्डला आणि इन्स्टिट्यूट कोट्याला नाही, हे एजंट सांगणार नाही.)

आता कागदांचं, यात दरवर्षी पोरं फसतात. दोन्ही जागा धरून ठेवता येत नाहीत, एमसीसी आणि राज्याचा सीईटी सेल एकमेकांना याद्या देतात. एमसीसीच्या पहिल्या राऊंडला जॉइन झाली नाहीस तरी फ्री एक्झिट आहे, डिपॉझिट जात नाही. दुसऱ्या राऊंडला लागलेली जागा सोडली तर डिपॉझिट जातं, आणि तिसऱ्यापासून तर सोडताच येत नाही म्हणून समज. त्यामुळे केईएम घेणार असशील तर एम्सला रिपोर्टच करू नको आणि एमसीसीच्या पुढच्या राऊंडला उगाच नाव ठेवू नको. केईएमला जॉइन झाल्यावर रिटेंशन फॉर्म भर, नाहीतर पुढच्या राऊंडला तुझ्या पसंतीक्रमात वर लिहिलेलं दुसरं काही लागलं तर ही जागा आपोआप जाते, मागच्या वर्षी माझ्या ओळखीतल्या एका मुलाची अशीच गेली, वर चुकून काय लिहिलं होतं ते त्यालाच आठवत नव्हतं. ओरिजिनल जमा करायच्या आधी सगळ्याचे चार झेरॉक्स सेट आणि मोबाईलमध्ये स्कॅन. जात वैधतेच्या नुसत्या पावतीवर राहू नको, प्रमाणपत्रच हातात असू दे. बारावीनंतर वर्ष गेलं असेल तर गॅपचं ॲफिडेव्हिट. पासपोर्ट फोटो वीस तरी ने, दहा पुरत नाहीत.